वाऱ्याच्या वरच्या अंगाला

त्या वर्षी आमच्या घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. मोठा भूकंप होऊन महिने उलटले होते, पण माझ्या पायांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. जेवता जेवता मध्येच वाटायचं, हललं! की मी, आई आणि जीचान, म्हणजे आईचे वडील, तिघांच्या माना एकदम वर, दिव्याच्या दोरीकडे. दोरी हलत असली तर भूकंप, नसली तर आपल्याच डोक्यात काहीतरी. पण ओशिमा बेटावरच्या त्या लाकडी घरात वारा फटीफटीतून शिरायचा आणि दोरी सदानकदा हलायचीच, म्हणजे या परीक्षेचा उपयोग शून्य. तरी आम्ही बघायचोच. आई भाताचा चमचा हातात धरून बघत राहायची आणि मग काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणायची, "मीना, जेव." मला कुठं बसवतच नसे. तेरा वर्षांची घोडी मी, पण गृहपाठाला बसले की लगेच उठून खिडकीशी, तिथून दाराशी, दारातून बंदराकडे जाणाऱ्या उतारावर. पुण्याहून आजी फोनवर म्हणायची, कार्टीच्या पायाला भिंगरी लागलीय. भिंगरी कसली, जीव टांगणीला लागला होता माझा. बंदरात जहाज लागलं की त्यातून बाबा उतरतो का, ते बघायला मी पळायचे, आणि बाबा उतरायचा नाही.

खरं म्हणजे आमचं घर कावासाकीला. बाबा तिथं एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत इंजिनिअर. आई जपानी, पण लग्नानंतरची पहिली वर्षं पुण्यात सासूच्या हाताखाली काढलेली, त्यामुळे नवऱ्याला 'अहो' म्हणणारी अख्ख्या कावासाकीतली ती एकटीच बाई असेल. बाबाला मी 'अरे' म्हणायचे आणि आई 'अहो', हे ऐकून आमच्याकडे येणाऱ्या मराठी काकू हसून बेजार व्हायच्या. भूकंपानंतर त्या काकू, ते काका, त्यांची मुलं, एकेक करत सगळे विमानतळाकडे गेले. रोज कुणाचा तरी फोन, अजून तुम्ही इथेच? आजी तिकडून रडायची. जमीन दिवसातून कितीदा तरी हलायची, टीव्हीवर स्फोट झालेल्या अणुभट्टीची चित्रं, दुकानात पाणी नाही. एके दिवशी बाबानं जेवणाच्या टेबलावर तीन तिकिटं आणून ठेवली आणि म्हणाला, "मिदोरी, निघूया. येतेस ना?" आई म्हणाली, "नको. माझे वडील इथे आहेत." झालं. मी आईच्या मागे जाऊन उभी राहिले. बाबा म्हणाला, दोन आठवड्यांत येतो, आणि गेला. दोन आठवड्यांचा पावसाळा झाला, पावसाळ्याची दिवाळी झाली. आईनं आमचं सामान बांधलं आणि मला घेऊन बेटावर आली.

जीचान माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. सरळ पाठ, कमी बोलणं, आणि बोलले की उत्तराच्या खाली दोन रेघा मारल्यासारखं. त्यांच्याकडे बंदुकीचा परवाना होता, कारण बेटावर क्योनांनी उच्छाद मांडला होता. क्योन म्हणजे कुत्र्याएवढं हरीण. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा प्राणिबागेतून निसटलेली काही जनावरं, त्यांची झाली पलटण, आणि त्या पलटणीनं लोकांच्या परसातली भाजी फस्त करायला घेतली. संध्याकाळ झाली की घरामागच्या झाडीतून ती ओरडायची, घसा फाटल्यासारखी. पहिल्या दिवशी मी किंचाळलेच होते. गावानं जुन्या शिकाऱ्यांना त्यांना मारायचं काम दिलं होतं, आणि जीचान ते काम पेपर तपासावेत तसं करायचे, आवड नाही आणि टाळाटाळही नाही. घरी येऊन हात धुवायचे, आणि मग अंगणात कुसाया भाजायचे. कुसाया ही तिथली सुकी मासळी, वर्षानुवर्षं जपलेल्या खारवणात मुरवलेली. आपल्याकडे बोंबील भाजले की शेजारी नाक मुरडतात ना? त्यांना एकदा ओशिमाला न्यायला हवं. पण चव काय! मी भाताबरोबर बोटं चाटून खायचे.

नवं वर्ष लागलं आणि सकाळच्या जहाजातून बाबा उतरला. मी धावत गेले आणि दोन पावलं अलीकडेच थांबले, का ते आजही सांगता येत नाही. केस कानावर पांढरे झालेले, हातात आजीनं दिलेली पिशवी, पिशवीला हिंगाचा वास. "केवढी झालीस गं," म्हणाला आणि ओठ चावत बसला. घरी जीचान दारात गुडघ्यांवर बसून वाकले. पाहुण्यांसाठी असलेली चांगली गादी काढली. गरम पाण्याच्या टबात पहिलं स्नान बाबाचं, जेवायला कोनाड्यासमोरची जागा बाबाची, माशाचा मधला तुकडा बाबाचा. आणि आमचा बाबा खूश! मला हळूच म्हणतो, "बघ, जावयाचा मान इथेही असतो. मी उगाच घाबरत होतो." मी त्याची नजर चुकवली. कारण आईनं आदल्याच रात्री मला सांगितलं होतं, जीचान ज्याला पहिलं स्नान देतात तो घरचा माणूस नसतो. स्वयंपाकघरात जीचान आईला म्हणाले होते तेही मी ऐकलं होतं, "एप्रिलपासून मीनाला इथल्या शाळेत कायमची घाल. जमीन हलल्यावर जो पळतो, त्याच्या भरवशावर राहू नकोस." आई त्यांना काही बोलली नाही आणि बाबालाही. बाबा आम्हाला कावासाकीला न्यायला आला होता, कंपनीकडून वाढवून घेतलेली त्याची रजा संपत आली होती, आणि आईच्या तोंडून हो नाही की ना नाही. मी दोघांच्या मधून नुसती येरझारा घालत होते. मला घरी जायचं होतं. माझ्या खोलीत, माझ्या शाळेत, आणि मुख्य म्हणजे तिघांनी.

त्यात बाबानं आल्यापासून रोज सकाळी अगरबत्ती लावायला सुरुवात केली. प्रवासातला छोटा गणपती खिडकीत मांडायचा आणि मोगऱ्याची अगरबत्ती पेटवायची. आपल्या घरात देवापुढे जो वास तो जपानी घरात मेलेल्या माणसांपुढे. जीचान रोज संध्याकाळी माझ्या इथल्या, वारलेल्या आजीच्या फोटोपुढे उदबत्ती लावायचे, ती तेवढी एक, आणि मग बराच वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. सकाळी सकाळी तो वास आला की त्यांचा चेहरा आक्रसायचा. एकदा मला म्हणाले, "तुझ्या बापाकडे रोज कोण मरतं?" मी बाबाला हे सांगितलं नाही. क्योन ओरडलं तेव्हा मात्र बाबा जोरात हसला होता. "अरे, हे तर आपलं भेकर! मामाच्या गावाला कोयनेच्या रानात अस्संच भुंकायचं." घरात आल्यापासून तो मनापासून बोललेलं हे पहिलं वाक्य असेल. जीचाननी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं होतं.

आमचं जहाज ज्या दिवसाचं ठरलं होतं त्याच्या आदल्या दिवशी (आमचं म्हणजे कुणाकुणाचं, हे अजून ठरलेलं नव्हतं) जीचानच्या जोडीचे शिकारी तापानं अंथरुणाला खिळले. जीचान बूट बांधत बाबाकडे न बघता म्हणाले, "पाहुण्यांना काही काम नसेल तर चलावं." मी चहाचा थर्मास उचलला आणि कुणी नाही म्हणायच्या आत जीपमध्ये जाऊन बसले. आज असं पोरीला शिकारीला कुणी नेणार नाही, न्यायचीही नाही.

बेटाच्या मधोमध ज्वालामुखी आहे आणि त्याच्या पाठीमागे काळं वाळवंट. वाळू नव्हे, राखेचे आणि जळक्या दगडांचे काळे कण, पायाखाली भाजक्या चण्यांसारखे वाजणारे. तिथं झाड टिकत नाही कारण वारा टिकू देत नाही. कडेच्या गवतात क्योन चरायला येतात आणि एका झाडीतून दुसऱ्या झाडीत जायला ते उघडं मैदान ओलांडतात. जीचाननी बंदुकीच्या नळीला लोकरीचा धागा बांधला होता. तो उडाला की म्हणाले, पश्चिमेचा, डोंगरावरून खाली येतोय, ऊन चढलं की फिरेल. मग मला समजावून सांगायला लागले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की हा माणूस वर्गात चांगला शिकवत असणार. जनावराच्या आणि आपल्या मध्ये वारा आपल्याकडे येणारा हवा, गालावर लागायला हवा, मानेवर लागला तर आपण आधीच हरलो. टेकाडाच्या आडोशाला वारा गोल फिरतो, तिथं धाग्यावरही विश्वास ठेवायचा नाही. आणि ही जमीन वाजते, म्हणून वारा चालेल तेव्हा चालायचं, वारा थांबला की पाय जिथं असेल तिथं थांबायचं. मी एक पाय वर उचलून थांबायची सवय करत होते. आजही, मी राहते त्या ओसाकात, स्टेशनच्या बाहेर पडले की आधी वारा कुठल्या गालावर येतोय ते बघते, भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत असल्या तरी.

एवढ्यात तो वास आला. बाबा जीपच्या आडोशाला उकिडवा बसून लायटरनं अगरबत्ती पेटवत होता! पुडकंच्या पुडकं खिशात घालून आणलं होतं. "धाग्यापेक्षा धूर बरा," म्हणाला, अगदी उजळलेल्या चेहऱ्यानं. "वारा कुठे जातो ते नीट दिसतं." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शिकारीला निघालेला माणूस मोगऱ्याचा घमघमाट घेऊन! वर खोबरेल तेल आणि जॅकेटला पुण्याच्या आजीच्या हिंगाचा वास होताच. जीचाननी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "ठीक आहे. पाहुण्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वारा येतोय तिकडे जावं. तिकडून जेवढा वास येईल तेवढा बरा. क्योन त्या वासापुढून सरकत खाली माझ्याकडे येतील." मग काळ्या उतारावरचं एक टेकाड दाखवलं. "तिथपर्यंत जायचं आणि उभं राहायचं. मी गोळी डावीकडच्या घळीतच घालणार, टेकाडाकडे नाही. पण मी येईपर्यंत तिथून हलायचं नाही, आवाज करायचा नाही. काहीही झालं तरी." शेवटचे तीन शब्द त्यांनी सावकाश म्हटले. बाबाचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं, हे नुसतं शिकारीबद्दल नाही. "हाय," म्हणजे जपानीत हो, एवढंच म्हणाला आणि निघाला.

आम्ही खाली एका खडकामागे बसलो. बाबाचं नारिंगी जॅकेट टेकाडावर पोचलं, थांबलं. थोड्या वेळानं मोगरा आमच्यापर्यंत आला, पुसटसा, आणि त्याच्या पुढून दोन क्योन गवतातून बाहेर निघाले. धावत नव्हते. नाक वर, दोन पावलं, थांबणं, परत दोन पावलं. जीचाननी बंदूक उचलली, आणि त्याच वेळी डोंगरावरून ढग उतरला. त्या मैदानावर धुकं येतं ते हळूहळू येत नाही, कुणी पांघरूण अंगावर फेकावं तसं येतं. एक क्योन घळीकडे न जाता उजवीकडे, टेकाडाच्या बाजूला उसळलं, जीचान त्याच्याबरोबर वळले, गोळी सुटली, आणि सगळं पांढरं झालं.

गोळी कुठं गेली? मी जीचानच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग त्यांनी हाक मारली. बाबाचं नाव घेऊन, मोठ्यानं. काहीच नाही. मी ओरडले, "बाबा! ए बाबा!" जीचान म्हणाले, "आपला आवाज वाऱ्याविरुद्ध वर जाणार नाही. पण त्याचा आपल्याकडे यायला हवा. त्यानं नुसतं हूं म्हटलं तरी ऐकू येईल." आणि वरून वाऱ्याशिवाय काहीच येत नव्हतं. मोबाइलला रेंज नाही, वॉकीटॉकीचा जोड तापानं झोपलेल्या शिकाऱ्याकडे. त्या पांढऱ्यात मला माझीच पावलं दिसत नव्हती. मी रडायला लागले, आणि जीचाननी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. ते वळले. चार-सहा पावलं झपाझप चालले, मी मागून फरफटत, आणि एकदम थांबले. मला वाटलं, दिशा चुकले.

तेव्हा तो वास आला. आधी होता तसा पुसट नाही, दाट, भपकाच. जीचान जागच्या जागी बसले. बंदूक बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि डोळे घट्ट मिटून पुटपुटायला लागले, आजीच्या फोटोपुढे पुटपुटायचे तसंच. त्यांच्यासाठी तो वास मेलेल्या माणसाचा होता, आणि मेलेला माणूस कोण, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण माझं नाक बाबाच्या घरातलं. मी त्यांना गदागदा हलवलं. "जीचान, ही आजीची नाही, ही मोगऱ्याची! आधीची केव्हाच विझली असेल. ही आत्ता लावलीय. मेलेला माणूस लायटर पेटवतो का?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग उठले. वारा गालावर घेत आम्ही वर चढायला लागलो, वास कमी झाला की थांबायचं, मान इकडे तिकडे करायची, परत सापडला की पुढे. जनावर माग काढतं तसा आम्ही माझ्या बाबाचा माग काढला. टेकाडावर तो होता तिथंच होता, जॅकेटमध्ये डोकं खुपसून बसलेला. पुढ्यात काळ्या मातीत अख्खं पुडकं खोचून पेटवलेलं, हात थंडीनं निळे. आम्हाला बघून उभा राहिला, आणि पहिलं काय म्हणावं त्यानं? "हललो नाही हं."

"ओ का दिली नाहीस?" जीचान ओरडले. ते कधी ओरडत नसत. आणि 'पाहुण्यांनी' वगैरे कुठल्या कुठे गेलं होतं.

"तुम्हीच म्हणालात, आवाज करायचा नाही. काहीही झालं तरी." बाबाचे दात वाजत होते. "हाका ऐकूच आल्या नाहीत. गोळी ऐकली. मग म्हटलं, वारा इकडून तिकडेच जातोय, वास तर पोचेल." जीचाननी त्याच्या जॅकेटची कॉलर धरली, मला वाटलं मारतात आता. पण त्यांनी खांद्यांवरून, छातीवरून, पाठीवरून हात फिरवला, कुठे ओलं लागतंय का बघत. दोनदा बघितलं. मग त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून उभे राहिले, आणि बाबाला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

घरी आईला काही सांगायची गरज पडली नाही, आमचे चेहरे बघूनच तिनं चहाचं पाणी ठेवलं. जीचान बूट न काढता पायरीवर बसले आणि तिच्याकडे पाठ करून बोलले. "मला वाटलं, तुझ्या नवऱ्याला मी मारलं. आणि तसं वाटल्यावर माझे पाय जीपकडे वळले. त्याच्याकडे नाही, जीपकडे. मीनाचा हात माझ्या हातात होता म्हणून थांबलो." मला ती चार-सहा पावलं आठवली आणि मी खाली बघितलं. ते पुढे म्हणाले, "तुला मी बरंच काही सांगत होतो. ते आता सांगत नाही. तू आणि तो, काय ते ठरवा."

मग बाबा म्हणाला, आणि मराठीत म्हणाला, "मी घाबरलो होतो, मिदोरी. तिकडे गेल्यावर घाबरल्याची लाज वाटली, म्हणून आलो नाही. जमीन परत हलली तर परत घाबरेन. मी आज धीट वगैरे झालो नाहीये." मी आईकडे बघत होते. मला वाटलं, आता ती तरी एकदाचं हो किंवा ना म्हणेल, आणि हे असं अधांतरी राहणं संपेल.

आई चहा ओतत होती. तिचा हात थांबला. "अहो, पळालात म्हणून मी रागावले असं वाटतं तुम्हाला? मलाही पळायचं होतं. रोज रात्री बूट उशाशी घेऊन झोपत होते मी." तिचा आवाज चढत गेला, मी तो असा कधी ऐकला नव्हता. "तुम्ही विचारलंत, मी नको म्हटलं. पहिल्यांदा कोण हो म्हणतं? तुमच्या घरी साधी पोळी वाढायची तर तीन-तीनदा विचारतात. नवी होते तेव्हा मी पहिल्याच वेळी हो म्हटलं, तर सगळी पंगत हसली होती मला. तेव्हापासून शिकले. आणि तुम्ही, तिकडचे असून, एवढी मोठी गोष्ट मला एकदाच विचारलीत? एकदाच?"

जीचाननी मान वळवून मला विचारलं, "काय म्हणतेय ती?" मी म्हटलं, "पोळीबद्दल बोलतेय." त्यांना काही कळलं नाही, तरी त्यांनी मान डोलावली.

बाबा आईसमोर येऊन बसला. त्याचे हात अजून निळेच होते. "मिदोरी," तो म्हणाला, "येतेस घरी?"

"नको," आई म्हणाली.

बाबानं पुन्हा विचारलं.